उतरवलेली पाटी

दादर, मुंबई
९ फेब्रुवारी १९६९

चि. शालूस,

काकांचे आशीर्वाद. वहिनींचा खोकला कसा आहे? वाफारा घ्यायला सांग, त्या ऐकणार नाहीत, तरी सांग.

बातमी आनंदाची आहे. आपल्या जमुनेचं जमलं. चिंचणीचे सावे. मुलगा जनार्दन तारापूरच्या प्रोजेक्टात नकाशे काढतो, राहायला क्वार्टर आहे, माणसं बागायतदार आणि खाऊनपिऊन सुखी. वैशाखात, ११ मेला, इथेच हॉलमध्ये लग्न. दादा गेल्याला अजून वर्ष व्हायचं आहे, पण सगळे म्हणाले की वर्षाच्या आतच उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल.

आता मुद्द्याचं. परवा बैठकीत जनार्दनच्या वडिलांनी, थोरल्या सावेंनी, विचारलं, तुमचे थोरले बंधू काय करायचे? सगळे ऐकत होते. माझ्या तोंडून निघून गेलं की दादा प्रोजेक्टात होता. तसं ते अगदीच खोटं नाही. दादा कपडे प्रोजेक्टातल्या लोकांचेच करायचा ना? पण त्यांनी समजायचं ते समजून घेतलं, आणि मी समजू दिलं.

तू शहाणी आहेस. वीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस बोईसरच्या बाजारात लोकांच्या शर्टांना इस्त्री करत होता, हे मी सावेंना कसं सांगू? मला तर ते आजही नीट समजलेलं नाही. बाळू गेला ते दुःख मोठंच. पण मूल गेलं म्हणून कोणी पेन्शनीची नोकरी सोडतं? आमच्या ऑफिसात कुणी विचारलं की मी म्हणायचो, भाऊ मास्तर आहे. पाच वर्षं हेच म्हणत आलो.

तर दोन गोष्टी कर. दुकानावरची ती पाटी तेवढी काढून ठेव. जनार्दन तिथेच जवळ राहतो, जाता-येता चुरी आडनाव वाचायला नको. आणि तू स्वतः इस्त्री फिरवतेस असं कानावर आलं, ते लग्नापर्यंत बंद ठेव. लग्नात कुणी विचारलंच तर ‘बाबा प्रोजेक्टात होते’ एवढंच म्हण. जमुना तुझ्या सख्ख्या बहिणीसारखी आहे.

तुझा,
प्रतापकाका


बोईसर
१६ फेब्रुवारी १९६९

ती. काकांस,

शालूचा नमस्कार. तुमच्या पत्रात आशीर्वाद एका ओळीचे आणि सूचना पानभर, त्यामुळे मी आधी सूचनांचंच उत्तर देते.

जमुनेची बातमी वाचून आईने देवापुढे साखर ठेवली. मग मी पुढचं वाचलं. आईने समईची वात पुढे सारली. मग म्हणाली, ‘त्यांची पोरगी हाय. काढ पाटी.’ मी काढली. बाबांनी ती स्वतः रंगवली होती, फळ्यावर लिहायचे तशा गोल अक्षरांत: ‘नरहरी चुरी. येथे कपड्यांना इस्त्री करून मिळेल.’ खिळे गंजले होते, जोर लावावा लागला. आता ती कोळशाच्या पोत्यामागे उताणी पडली आहे.

इस्त्री मात्र बंद ठेवता येणार नाही. ती बंद केली तर आम्ही काय खायचं, ते तुमच्या पत्रात नव्हतं.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला समजलं नाही. तुम्ही बाबांना विचारलं होतं का कधी? मी सांगते. बाळू तापाने फणफणला तेव्हा बाबा मोखाड्याच्या बाजूला शाळेवर होते. पाऊस, एसटी बंद. बाबा निम्मी वाट चालत सफाळ्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात शिरून त्यांनी आईला एकच विचारलं, ‘मला हाक मारत होता का?’ आईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, ‘मारत होता.’

त्यानंतर पुन्हा लांबच्या बदलीचा हुकूम आला. बाबा पालघरला गेले, राजीनामा दिला आणि तिथल्याच बाजारातून कोळशाची इस्त्री घेऊन घरी आले. आईला म्हणाले, ‘आता घरातून हाक मारली की ऐकू येईल असंच काम करणार.’ म्हणून आम्ही सफाळ्याहून बोईसरला आलो आणि म्हणून दुकान घराच्या ओटीवर आहे, काका. मागे चूल, पुढे इस्त्री. तुम्ही पाहिलं असतं तर कळलं असतं. पण तुम्ही बोईसरला कधी आलाच नाहीत. बाबांचे दिवससुद्धा सफाळ्याच्या घरी झाले.

काम त्यांना नागोरावांनी शिकवलं. नागोराव परभणीकडचे परीट. ते आणि रखमाबाई धुतात, आम्ही इस्त्री करतो. शाळेत कुणाला छडी न मारणाऱ्या बाबांनी पहिल्या महिन्यात निम्म्या वसाहतीच्या शर्टांना चटके दिले. नागोराव डोक्याला हात लावून म्हणायचे, ‘मास्तर, शर्ट हाय, भाकर न्हाई!’ आणि बाबा पोट धरून हसायचे. शाळेतून घरी यायचे तेव्हा मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

जमुनेच्या लग्नाची त्यांना फार हौस होती. मांजरपाटाचं एक ठाण त्यांनी आणून ठेवलं होतं, नवऱ्या मुलाच्या पायघड्यांसाठी. घडीवर पिवळी रेघ पडू नये म्हणून मधूनमधून उलगडून, इस्त्री करून नवी घडी घालायचे. पायघड्या घालायचा मान परटाचा, म्हणून त्यांनी नागोरावांकडून शब्द घेतला होता. परवाच मी त्या ठाणाला इस्त्री केली.

आणि एक. हा मुलगा तुम्हाला बाबांनीच सुचवला होता, आठवतं ना? बाबांची आणि त्याची ओळख कुठली, हेही तुम्ही कधी विचारलं नाहीत.

तुमची,
शालू


दादर, मुंबई
२ मार्च १९६९

चि. शालूस,

पत्र मिळालं. रागावली आहेस, तो तुझा हक्क आहे. बाळूची ती हकिगत मला ठाऊक नव्हती. दादाने मला कधी सांगितली नाही. मी विचारलंही नव्हतं, हे खरं.

दादाची आणि जनार्दनची ओळख कुठली ते काय विचारायचं? चिंचणी-माहीमकडचे सगळे कुठून ना कुठून आपले नात्यातलेच निघतात. दादाला माणसं जोडायची हौस होतीच.

पाटी काढलीस, डोक्यावरचं ओझं उतरलं. पण इकडे प्रकरण जरा वाढलं आहे. थोरल्या सावेंनी पुन्हा विचारलं, बंधू कुठल्या खात्यात? मी म्हटलं, स्टोअरला. कोणत्या हुद्द्यावर? मी म्हटलं, ऑफिसर. शालू, मी हेडक्लार्क आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो. आणि इथे एका मागोमाग एक थाप मारत सुटलो. घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या काकूने विचारलं काय झालं, तर म्हटलं पोट बिघडलंय. म्हणजे तीही थापच.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला दोन दिवस लागले. वहिनींना आणि तुला लग्नाचं बोलावणं आहेच. पण दादाला वर्ष झालेलं नाही. वहिनींनी मांडवात वावरणं लोकांना रुचेल न रुचेल. शिवाय चौकशा होतील, आणि वहिनींना खोटं बोलता येत नाही असं तूच लिहिलंस. तेव्हा तुम्ही दोघींनी घरीच राहावं, आणि लग्नानंतर जोडपं तुमच्या पाया पडायला येईल, असं मला वाटतं. वहिनींसाठी लुगडं पाठवतो आहे.

पायघड्यांची गरज नाही. हॉलवाल्यांचा गालिचा आहे. नागोरावांना तसं कळव.

प्रतापकाका


बोईसर
९ मार्च १९६९

ती. काकांस,

पत्र आईला वाचून दाखवलं, शेवटचा भाग गाळून. तिने कागद माझ्या हातातून घेतला, उलटून पाहिला आणि परत दिला. म्हणाली, ‘अजून हाय खाली. वाच.’ मी वाचलं. ‘नाय बोलवलं तं नाय जायचं, त्यात काय,’ म्हणाली आणि उठून भाताला आधण ठेवायला गेली. आम्ही नुकत्याच जेवलो होतो.

लुगडं पोचलं. त्याची घडी तिने मोडलेली नाही.

नागोरावांना गालिच्याचं सांगितलं. ते म्हणाले, ‘सबूद म्या मास्तरला देल्ता. तुझ्या काकाला न्हाई.’ याउपर त्यांना थांबवणं माझ्या हातात नाही.

जनार्दनरावांबद्दल मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार होते. आता सांगत नाही. मला तुमचा राग येतो, काका, आणि त्याहून जास्त लाज वाटते. तुमची नाही, माझी. कारण ती पाटी माझ्या हातांनी काढली, आणि आता कुणी नवं गिऱ्हाईक ‘दुकान कुणाचं?’ विचारतं तेव्हा मी ‘आमचं’ एवढंच म्हणते.

शालू


दादर, मुंबई
१३ मे १९६९

ती. वहिनींस,

प्रतापचा साष्टांग नमस्कार.

शालूने हे पत्र काही न गाळता वाचावं.

लग्न झालं. जमुना सुखरूप चिंचणीला गेली. नागोरावांनी तुम्हाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. माझा अंदाज आहे की त्यांनी फक्त ‘लगीन झ्याक झालं’ एवढंच सांगितलं असेल. म्हणून मी लिहितो.

सकाळी वऱ्हाड यायच्या आधी मी हॉलच्या दारात उभा होतो. कोट, फेटा, सगळा थाट. शेजारी थोरले सावे, ते वऱ्हाडाच्या पुढे आले होते. तेवढ्यात फाटकातून एक म्हातारा आत आला. डोक्यावर पांढरं गाठोडं, धोतर कडक इस्त्रीचं. मला वाकून म्हणाला, ‘नागोराव. बोईसरहून आलो. पायघड्या आनल्यात.’

सावेंनी विचारलं, ‘हे कोण?’

वहिनी, मी म्हटलं, ‘प्रोजेक्टातला परीट. दादाच्या ऑफिसातले कपडे धुवायचा.’

नागोरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं. एक शब्द ते बोलले असते तर मी तिथेच संपलो असतो. ते सावेंकडे वळून म्हणाले, ‘व्हय. लई मोठे सायब व्हते.’ माझी थाप त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी काय केलं? मी त्यांच्या हातात लाडवांचा पुडा दिला आणि म्हटलं, इथे गालिचा आहे, तुम्ही आता निघा. ते पुडा कपाळाला लावून गेले.

मग वऱ्हाड आलं. जनार्दन दारापाशी येऊन थांबला आणि इकडेतिकडे बघू लागला. मला म्हणाला, ‘काका, नागोराव कुठे आहेत?’

मी फाटकाकडे पाहिलं. म्हटलं, तुम्ही त्यांना ओळखता?

तो हळूच बोलला, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाला, ‘दीड वर्षापूर्वी मला टायफॉइड झाला तेव्हा क्वार्टरमध्ये मी एकटा होतो. इस्त्रीचे कपडे द्यायला मास्तर आले आणि त्यांनी मला तसंच उचलून घरी नेलं. ताप उतरेपर्यंत मी त्यांच्या ओटीवर, इस्त्रीच्या टेबलाशेजारी निजून होतो. काकूंनी पेज भरवली. मास्तर एका हाताने इस्त्री फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने माझ्या कपाळावरची पट्टी बदलायचे. मी झोपेत आईला हाक मारली तरी तेच “ओ” द्यायचे. तुमची मुलगी मी त्यांच्या शब्दावर पत्करली, काका. स्टोअर ऑफिसरचं बाबांनी मला सांगितलं तेव्हाच सगळं कळलं होतं. मी काही बोललो नाही. म्हटलं, तुमची पंचाईत नको. पण पायघड्या मास्तरांच्या आहेत. नागोराव आल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही.’

मुहूर्त जवळ आला होता. बँडवाले वाजवून थकले. बायका विचारत होत्या, नवरा मुलगा अडून का बसला, काही मागतोय का? तो काहीच मागत नव्हता.

मी धावलो. नागोराव कोपऱ्यावरच्या नळाशी सावलीत बसले होते, गाठोडं मांडीवर. जमिनीवर ठेवलं नव्हतं, मळेल म्हणून. लाडवांचा पुडा तसाच बांधलेला. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि फेट्याचं टोक चाचपत बसलो. वीस वर्षं साहेबांपुढे तोंडपाठ बोलणारा माणूस मी. शेवटी म्हटलं, ‘चला. दादाचे जावई थांबलेत.’ ते उठले, आणि वर मलाच म्हणाले, ‘उन्हात कशाला आलासा?’

दारापाशी येऊन मी सगळ्यांसमोर बोललो. थोरल्या सावेंकडे बघून बोललो, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. म्हटलं, ‘माझा भाऊ प्रोजेक्टात नव्हता. तो बोईसरच्या बाजारात इस्त्री करायचा. हे नागोराव, त्याचे भागीदार. मघाशी मी खोटं बोललो आणि यांनी मला सांभाळून घेतलं.’ सावे एवढंच म्हणाले, ‘आधी सांगितलं असतंत तर आम्ही काय नको म्हणणार होतो?’ वहिनी, ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

नागोरावांनी गालिचा गुंडाळून बाजूला केला आणि मांजरपाट उलगडला. घडीची एक रेघ नव्हती त्यावर. जनार्दनने जोडे काढले आणि अनवाणी चालत आत आला. मी मागे उभा होतो. दादाने किती वेळा ते कापड उलगडलं असेल, माझ्या मुलीसाठी, आणि मी इथे लोकांना त्याचं काम काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, हेच डोक्यात फिरत होतं. अक्षता टाकायचं मला सुचलं नाही.

वडील गेले तेव्हा मी लहान होतो. पावसात शाळेच्या वाटेवरचा ओढा भरला की दादा मला खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचा. स्वतः छातीपर्यंत भिजायचा आणि माझी पाटी-दप्तर स्वतःच्या डोक्यावर ठेवायचा. मास्तर झाला तेव्हा पहिल्या पगारात मला बूट आणले, स्वतः अनवाणी शाळेत गेला. तेव्हा मला त्याची लाज वाटली नव्हती. लाज कधीपासून वाटायला लागली ते मी आठवतो आहे. बहुतेक मी कोट घालायला लागलो तेव्हापासून.

जमुना विचारत होती, काकू का नाही आल्या? मी म्हटलं, मी नको म्हटलं म्हणून. ती माझ्याशी बोलायची थांबली आहे.

माफी मागायला तोंड नाही. तुम्ही रागवा, शिव्या द्या. काय करू ते तुम्हीच सांगा. सांगाल ते करीन.

तुमचा दीर,
प्रताप


बोईसर
२० मे १९६९

ती. काकांस,

पत्र वाचलं, काही न गाळता. पुढचं आई सांगते आहे आणि मी तिच्याच शब्दांत लिहिते आहे. मध्ये मी काही घालणार नाही, तिने शपथ घातली आहे.

‘भावोजी, नागोरावांनी खरंच एवढंच सांगितलं, लगीन झ्याक झालं. लाडू आमी वाटून खाल्ले. चांगले होते, पाक जरा कच्चा होता.

जमुना नि जावई परवा येऊन गेले. पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, बापाशी बोल. बाप हाय तंवर बोलून घ्यावं.

मला वाईट वाटलं. नाय कसं म्हणू? तुमी मला मांडवात नको म्हटलं त्याचं वाटलं, पण त्यापेक्षा यांचं वाटलं. तुमचं पत्र आलं का हे गिऱ्हाइकाला थांबवून वाचायचे. “माझा प्रताप हापिसात हेडक्लार्क हाय,” असं धोबीघाटावरच्या बायांना पण सांगायचे. तुमी त्यांना लपवलं, त्यांनी तुमाला मिरवलं. त्यांना ठावं होतं तुमी इथं का येत नाय ते. मी एकदा बोलले तं म्हणाले, “येईल गं. त्याला वेळ लागतो. ओढ्यापाशीसुदा तो रडत बसायचा, मग यायचा.”

माफीचं मला काय कळत नाय. मी दिली म्हणून काय होणार, माणूस तं गेलं. पण काय करू विचारलंत म्हणून सांगते. पाटी अजून कोळशामागं पडलीय. शालू लावते म्हणाली, जावई लावतो म्हणाले, मी कुणाला हात लावू दिला नाय. ती लावायला तुमी या.

टेसनावर घ्यायला कुणी येणार नाय. मुद्दाम. घर बाजाराच्या आत हाय, तुमाला सापडायचं नाय. आता दारावर नाव पण नाय. कुणाला तरी विचारावं लागंल. कुणाचं घर म्हणून विचाराल, ते तुमचं तुमी ठरवा. हेडक्लार्कच्या भावाचं म्हणाल तं कुणी सांगणार नाय.’

आईचं संपलं. आता माझं, एकच ओळ.

हातोडी घरात आहे, पण येताना खिळे आणा. जुने सगळे मी काढताना वाकडे झाले.

शालू